उलटी करून बघितलेली होडी

होडी विकायला काढलेल्या गृहस्थांनी डेकवर पाय आपटून दाखवला. एकदा, आणि आम्ही काही बोललो नाही म्हणून पुन्हा एकदा, जरा जोर लावून. "हलतेय का बघा! घरात उभं राहिल्यासारखं वाटतं की नाही?" वाटत होतं खरं. तीस फुटी शिडाची होडी, चार दोरांनी धक्क्याला बांधलेली, दुपारचं पाणी गप्प. माझा मित्र एका काठावर जाऊन उभा राहिला, मग त्याची बायकोही तिथेच आली, तरी होडी जेमतेम कलली. आत उतरलो तर उजेडच उजेड. दोन्ही बाजूंना लांबरुंद खिडक्या, मध्ये ऐसपैस मोकळी जागा, मागे कॉकपिटखाली, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या उघड्या खोलगट जागेखाली, दोघांना पाय पसरून झोपता येईल असा बिछाना. ताज्या व्हार्निशचा आणि नव्या गाद्यांचा वास. "जाईल ना गं ही?" मित्राने हळूच विचारलं. त्याला कुठे जायचंय ते मला ठाऊक होतं. किनारा धरून या बंदरातून त्या बंदरात नाही. सरळ बाहेर, जिथे जमीन दिसेनाशी होते आणि पुढचे दोन-तीन आठवडे दिसत नाही. मी नुसतं "बघू" म्हणाले. परतताना ते दोघं पडद्यांच्या रंगावर बोलत होते आणि माझ्या डोक्यात तो पाय आपटल्याचा आवाज घोळत होता. विकणाऱ्याने जो होडीचा सगळ्यांत मोठा गुण म्हणून दाखवला, माझं मन नेमकं तिथेच अडलं होतं.

रुंद होडीच्या काठावर पाय ठेवला की त्या बाजूचं तिचं पोट पाण्यात दबतं आणि पाणी तिला लगेच वर ढकलतं. ही ताकद आकाराची. पहिल्या वीस-तीस अंशांपर्यंत ती फार छान काम करते, आणि धक्क्याला बांधलेली होडी त्याच्या पुढे कधी कलतच नाही. अरुंद, जड, खोल कीलची, म्हणजे तळाखाली खोल उतरलेल्या जड कण्याची, होडी मात्र पाय ठेवताक्षणी लवते. नवख्याला वाटतं, ही डळमळीत आहे. पण तिचं बळ तळाशी असतं, कीलमधल्या शिशात नाहीतर ओतीव लोखंडात. ती जितकी कलते तितकं ते वजन बाजूला सरकून तिला अधिक जोराने परत ओढतं. बुडाशी वजन असलेली बाहुली आडवी पाडली तरी उठून बसते, तसं. प्रत्येक होडीचा एक कोन असतो. तिथवर कलली तर ती परत उभी राहते, त्याच्या पलीकडे गेली की पूर्ण उलटी होते. बाहेरच्या समुद्रासाठी हा कोन १२० अंश किंवा त्याहून जास्त असावा, असं जाणते लोक सांगतात. किनाऱ्याजवळ फिरण्यासाठी बांधलेल्या बऱ्याच रुंद, हलक्या होड्यांचा तो ११० च्या आसपास संपतो. दहा अंशांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण ९० अंशांना डोलकाठी पाण्याला टेकलेली असते, शिडं पाण्याने भरलेली असतात, आणि तिथून पुढे होडी आपल्यासाठी किती वेळ भांडणार ते त्या दहा अंशांतच ठरतं.

रुंद होडी उलटी झाल्यावरही बरीच स्थिर असते.

हे लोकांना फार महागात पडून कळलं. १९७९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून फास्टनेट शर्यतीला ३०३ होड्या निघाल्या, आणि आयर्लंडच्या दिशेने जाताना वादळाने त्यांना उघड्यावर गाठलं. शर्यतीतले १५ जण गेले. २४ होड्या माणसांनी सोडून दिल्या. त्यानंतर जलकुंडांत लहान प्रतिकृती ठेवून लाटा सोडण्याचे प्रयोग झाले. त्यातून निघालेली गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते. होडीच्या लांबीच्या ३० टक्के उंचीची फुटणारी लाट नेमकी आडवी बसली तर काही होड्या उलटतात, आणि ६० टक्क्यांना जवळपास कुठलीच वाचत नाही. म्हणजे तीस फुटी होडीला नऊ फुटांची फुटती लाट धोक्याची, अठरा फुटांची बहुधा निर्णायक. बाहेरच्या समुद्रात वाईट रात्री अठरा फूट ही काही अचाट उंची नव्हे. तेव्हा होडी कधीच उलटणार नाही अशी खात्री लहान होडीच्या बाबतीत मागायचीच नसते. विचारायचं ते एवढंच, की उलटली तर किती लवकर परत येईल, आणि आली तेव्हा आत किती पाणी असेल.

याच प्रयोगांत डोलकाठीबद्दल जे दिसलं ते मला सुरुवातीला पटलंच नव्हतं. एवढा उंच खांब वर असला तर होडी लवकर उलटत असेल, असं कुणालाही वाटेल. होतं ते विरुद्ध. अचानक बसलेल्या फटक्याला ते दूरवर पसरलेलं वजन अडवून धरतं, होडीला झटकन फिरू देत नाही. एका लाटेत डोलकाठी मोडलेली होडी पुढच्या लाटेला जास्त सहज पलटते. त्यामुळे डोलकाठी धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा, आणि त्या तारा जिथे होडीच्या अंगात उतरतात त्या चेनप्लेटी, हा नुसता वेग आणि शिडांचा विषय राहत नाही.

फास्टनेटनंतर एक सूत्रही पुढे आलं, आणि होडी घ्यायला निघालेला प्रत्येक जण ते फोनवर पाठ करून येतो. होडीचं वजन पौंडांत घ्यायचं, त्याला ६४ ने भागायचं, येईल त्याचं घनमूळ काढायचं आणि होडीच्या फुटांतल्या रुंदीला त्याने भागायचं. उत्तर २ च्या आत आलं तर ठीक. त्या तीस फुटी होडीची रुंदी साडेदहा फूट, वजन तीन टनांच्या आसपास; उत्तर येतं २.२ च्या वर. मित्राने ते स्वतःच काढलं आणि पडक्या आवाजात फोन केला. मी त्याला सांगितलं, आकड्यावर इतकंही जाऊ नकोस. त्या सूत्राला वजन किती आहे ते कळतं, कुठे आहे ते कळत नाही. कीलमधलं सगळं शिसं काढून डोलकाठीच्या टोकाला बांधलं तरी उत्तर तेच येईल. पहिल्या चाळणीपुरतं ते बरं.

त्याच वादळात सगळ्यांत लहान होड्यांच्या गटातून शर्यत पुरी करणारी एकच होडी होती, कॉन्टेसा ३२ या जातीची. बत्तीस फूट लांब, फक्त साडेनऊ फूट रुंद, जवळपास निम्मं वजन कीलमध्ये. परत उठण्याचा कोन १५० अंशांच्याही वर. तिच्या जातीच्या एका होडीत मी उतरले आहे. पहिली भावना निराशेची होती. छत खाली, खिडक्या लहान, दोघं समोरासमोर आले तर एकाने बाजूला बसायचं. वाऱ्यावर निघाली की डेक ओलं, आपण ओले, आणि आत गेलेलं सगळं हळूहळू ओलं. पण लाटेत शिरताना ती आदळत नाही, कापत जाते. हलक्या चपट्या तळाच्या होडीत दर लाटेला दाताला दात लागतात. हिच्यात नुसतं पोटात खड्डा पडल्यासारखं होतं आणि ओसरतं. तीन आठवडे राहायचं असेल तर हा फरक पडद्यांच्या रंगापेक्षा कितीतरी मोठा. अर्थात बंदरात राहायचं असेल तर मी उजेडाची, रुंद होडीच घेईन. आणि खरं सांगायचं तर लांबवर जाणाऱ्या होड्यांचाही पुष्कळसा काळ नांगरावरच जातो. हा युक्तिवाद मित्राने केला, आणि त्यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं.

स्प्रेचं काय, असंही त्याने विचारलं. जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली ती स्प्रे; एकट्याने केलेली ती पहिलीच. छत्तीस फूट नऊ इंच लांब आणि तब्बल चौदा फूट दोन इंच रुंद. बाहेर कीलला वजन नाही, जे होतं ते पोटात. आजच्या हिशेबात ती एकदा आडवी पडली असती तर उठण्याची आशा फारच थोडी होती. तरीही ती पृथ्वीला वळसा घालून आली, आणि सुकाणू बांधून ठेवलं की दिवसेंदिवस स्वतःच सरळ चालायची, ही तिची ख्याती. शेवटी स्लोकम आणि स्प्रे दोघंही समुद्रावर बेपत्ता झाले. कसे, ते कुणालाच कळलं नाही. या एका होडीपुढे माझे सगळे अंश आणि सूत्रं अवघडून उभी राहतात. जाणत्या हातात चुकीची होडीही जाते. पण ती गेली म्हणून तशीच निवडावी असं मला म्हणवत नाही.

मी काय करते ते सांगते. विकणारा वर बोलत असतो तेव्हा मी आतल्या बाकावर उताणी पडते आणि छत म्हणजे जमीन असं धरून बघते. मग होडी वेगळीच दिसायला लागते. बॅटऱ्या कशाने बांधल्या आहेत? नुसत्या खोक्यात ठेवल्या असतील तर वीस-पंचवीस किलोचा एकेक ठोकळा माझ्या अंगावर येणार. शेगडी तिच्या झुलत्या आधारातून निसटेल का? पायाखालच्या फळ्यांना खिट्ट्या आहेत का, की त्या सगळ्या एकदम सुटतील? खणांची दारं नुसत्या चुंबकावर मिटत असतील तर आतलं सगळं सामान हवेत. आणि ती मोकळी, ऐसपैस जागा: रात्री होडी एका बाजूला फेकली गेली तर मी या भिंतीवरून त्या भिंतीवर किती फूट उडत जाणार? अरुंद केबिनमध्ये माणूस पडतो तेही थोडंसंच. त्या उजेडाच्या होडीत मला छताला हाताने धरायची एकही दांडी सापडली नाही. मागचा तो प्रशस्त बिछाना तर कललेल्या होडीत निरुपयोगीच. माणूस रात्रभर घसरत राहील. चालत्या होडीत झोप लागते ती मध्यावरच्या, अरुंद, बाजूला कापडाची भिंत ओढून घेता येणाऱ्या बाकावर.

तिथून उठून मी दारात उभी राहते. आत उतरायचं दार कॉकपिटच्या तळापर्यंत खाली आलंय, की मध्ये उंबरठा आहे? तो नसला तर कॉकपिट भरलं की पाणी सरळ आत. दाराच्या फळ्या उलट्या अवस्थेत घसरून पडतात की आतून-बाहेरून अडकवता येतात? फास्टनेटमध्ये नेमक्या याच फळ्या निसटून होड्या भरल्याची उदाहरणं आहेत, आणि दोन फळ्यांना दोन खिट्ट्या लावायला एक संध्याकाळ पुरते. कॉकपिटचं मोजमाप मी डोळ्यांनी घेते. दोन मीटर लांब, मीटरभर रुंद, अर्धा मीटर खोल म्हटलं तरी एक घनमीटर झालं, म्हणजे टनाहून थोडं जास्तच समुद्राचं पाणी, तेही होडीच्या मागच्या टोकावर. तळाला बोटभर रुंदीच्या दोन मोऱ्या असतील तर ते उतरायला मिनिटं लागतात. पुढची लाट त्याआधी आलेली असते. मागून उघड्या कॉकपिटचं हे दुखणं नाही, तेवढं त्या नव्या धाटणीच्या बाजूने बोललं पाहिजे.

एवढं सगळं डोळ्यांना दिसणारं. न दिसणाऱ्याची भीती जास्त. २०१४ च्या मे महिन्यात चीकी रफिकी ही चाळीस फुटी होडी अटलांटिकमध्ये कील सुटून उलटली आणि चौघं गेले. कीलच गेल्यावर कोनबिन काही उरत नाही. ती पूर्वी तळाला लागली होती आणि त्यानंतर झालेल्या दुरुस्त्यांतून सांधा कमजोर झाला असावा, असं चौकशीत पुढे आलं. म्हणून होडी पाण्याबाहेर काढल्यावर मी आधी कीलची पुढची कड आणि तळ यांचा सांधा बघते. तिथे हसऱ्या ओठांसारखी बारीक चीर दिसली तर मला हसू येत नाही. आत फळ्या उचलून बोल्टांभोवती गंज, भेगा, नव्याने मारलेला रंग बघायचा. एवढ्याच चौकोनात ताजा रंग का, हा प्रश्न उघड विचारायचा. सुकाणू दोन हातांनी धरून हलवायचं. हातोडीच्या दांड्याने डेकवर हळू ठोकत जायचं. टणक आवाज येता येता मध्येच भद्द आवाज आला तर आतलं लाकूड भिजलंय. चेनप्लेटींच्या खाली, आतल्या बाजूला, तपकिरी ओघळ असतात का बघायचं. तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर वरून कितीही लखलखोत, बदलायच्या. तळातून पाणी आत-बाहेर करणारा प्रत्येक कॉक फिरवून बघायचा. त्या होडीतला एक जागचा हलेना. गृहस्थ म्हणाले, "तो आम्ही कधी बंदच करत नाही."

"पण हिच्यावर ए लिहिलंय," मित्र म्हणाला. युरोपात होड्यांचे ए, बी, सी, डी असे वर्ग करतात. सी म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापात सहा वाऱ्यापर्यंत आणि दोन मीटर लाटांपर्यंत, बी म्हणजे आठ वारा आणि चार मीटर, ए म्हणजे त्याच्याही पलीकडे. वर्ग लिहिलेली ती पट्टी खोटी नसते. पण ती होडी नवी असतानाची गोष्ट सांगते. मधल्या वर्षांत ती कुठे आपटली, कुणी तिच्यात कुठे भोक पाडलं, हे पट्टीला माहीत नसतं. आणि ती ठरावीक ओझ्यापुरतीच असते. ओझ्यावरून आठवलं: दोन हजार सागरी मैलांचा पल्ला, लहान होडीने दिवसाला शंभर धरले तर वीस दिवस. दोघांना रोज चार-चार लिटर पाणी, शिवाय अर्धं राखीव: २४० लिटर. तेवढ्याच दिवसांचं आणि राखीव खाणं, शंभर किलोच्या वर. नांगराची आठ मिलिमीटरची साखळी साठ मीटर घेतली तर ८५ किलो. जीवरक्षक तराफा, इंधन, जादा शिडं, हत्यारं, सुटे भाग, दोन माणसं. बेरीज टनाकडे सरकते. जड होडी हे पोटात घेते आणि दोन बोटं खाली बसते. तीन टनांच्या होडीला तो तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा. ती मंदावते, काठ पाण्याजवळ येतो, आणि विकत घेताना वाचलेला तिचा स्वभाव बदलून जातो.

लहानपणाचं मला वावडं नाही, हे सांगायला हवं, नाहीतर हे सगळं भित्र्या माणसाचं रडगाणं वाटेल. केनिची होरी १९६२ मध्ये १९ फुटी होडीने जपानहून सॅन फ्रान्सिस्कोला ९४ दिवसांत एकटा पोचला. रॉबर्ट मॅन्री हा वृत्तपत्रातला माणूस १९६५ मध्ये साडेतेरा फुटांच्या टिंकरबेलमधून ७८ दिवसांत अटलांटिक ओलांडून गेला. वाटेत अनेकदा तो स्वतःच पाण्यात पडला. पण निघण्याआधी त्याने होडीत हलका फोम भरून घेतला होता, भरली तरी ती बुडू नये म्हणून. त्याच्या धाडसाच्या गोष्टीत मला सगळ्यांत जास्त आवडतो तो हा फोम.

वाऱ्यात बाहेर नेऊन बघू या, असं आम्ही त्या गृहस्थांना म्हटलं होतं. पाच-सहाचा वारा होता. "अशा वाऱ्यात कशाला? छान दिवस बघून जाऊ," ते म्हणाले. छान दिवशी सगळ्याच होड्या जातात. मला बघायचं होतं ते असं: शीड कमी करून घेतलं, पुढचं शीड उलट्या बाजूला ओढून धरलं, सुकाणू बांधलं, तर ती लाटांना खांदा देऊन जागच्या जागी शांत राहते का. की सतत नाक फिरवून इकडे-तिकडे पळते, सारखी कुणीतरी धरून ठेवावी लागते. सुकाणू हातातून सोडलं तर किती वेळ सरळ जाते. मुंबईत सागवानात बांधलेल्या सुहेलीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता ३१२ दिवसांत पृथ्वीला फेरी मारून आला, त्यात त्याचं आपोआप सुकाणू चालवणारं यंत्र वाटेतच मोडलं. तरी शिडांचा तोल साधून ठेवला की सुहेली आपली आपण चालत राहायची, आणि तो झोपू शकायचा. दोन माणसांच्या होडीत तिसरा खलाशी होडी स्वतः असते. तिला ते काम येतं का, हे धक्क्यावर कळत नाही.

कारण थकतात ती माणसं. फास्टनेटमध्ये सोडून दिलेल्या त्या २४ होड्यांपैकी पाचच बुडाल्या. एकोणीस नंतर रिकाम्या तरंगताना सापडल्या. हा आकडा सांगून कुणी त्या माणसांना नावं ठेवली तर मला राग येतो. अंधारात, गुडघाभर पाण्यात, डोकं फुटलेलं, सगळं सामान अंगावर आलेलं असताना ‘होडी तरंगेल’ हे कळायला आधार काय होता? आत धरायला दांडी असती, बॅटरी जागेवर असती, दाराच्या फळ्या टिकल्या असत्या, कोरडा एक बाक असता, तर कदाचित राहिले असते. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमींची थुरिया, सुहेलीचीच प्रतिकृती, वादळात पलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार बसला. हलता येत नव्हतं. सुटका होईपर्यंत ते होडीतच पडून होते, आणि ती तरंगत होती. चांगल्यात चांगल्या होडीकडूनही याहून जास्त हमी मी मागू शकत नाही.

मित्राने ती उजेडाची होडी सोडून दिली. मला थोडं वाईटही वाटलं. किनाऱ्याने हिंडायला ती फार गोड होती, आणि त्याच्या बायकोचा चेहरा पडला होता. पुढच्या रविवारी आम्ही दुसरी बघायला जातोय. अठ्ठावीस फुटी, अरुंद, जुनी, फोटोत काळोखी दिसते. "हिच्यात ताठ उभं कुठे राहायचं?" असं तिने विचारलंय, आणि ते रास्त आहे. मी हातोडी, विजेरी आणि दांड्याचा आरसा घेऊन जाणार आहे. मालकीणबाईंना फोनवर आधीच विचारून ठेवलं: पायाखालच्या फळ्या उचलू द्याल का, आणि वारा असला तरी बाहेर काढाल का? त्या म्हणाल्या, फळ्या मी आधीच उचलून ठेवते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. आणि वाऱ्याचं म्हणाल तर मला आधी हे सांगा, तुमच्या तिघांपैकी बोट लागते कुणाकुणाला?